सोमवारचं माप

बाटलीकाकांनी उभ्या आयुष्यात बाटलीला हात लावला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाव ऐकून नवीन माणसाच्या मनात पहिला विचार तोच येतो. झाडझूड करणाऱ्या मावशींपासून आमच्या विभागप्रमुख मोठ्या बाईंपर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. कोणी चुकून खऱ्या आडनावाने हाक मारली, तर दुसरं कोणी आलंय का म्हणून काका मागे वळून बघायचे.

आमचा विभाग रुग्णालयाच्या तळघरात आहे. तिथे चुंबकाचं मोठं यंत्र आहे. माणसाला पाटावर झोपवायचं, नळीत सरकवायचं आणि त्याच्या मेंदूतल्या चरबीचं चित्र काढायचं, हे आमचं काम. मेंदूत चरबी म्हटलं की लोक हसतात. पण पाणी वजा केलं तर मेंदूचा निम्मा ऐवज चरबीच असतो. वायरीवर वेष्टण असतं तसं मेंदूतल्या तंतूंवर चरबीचं वेष्टण असतं आणि विसरण्याच्या आजारात ते झिजत जातं. चरबी शाबूत असेल तिथे चित्रात पिवळा रंग, झिजली असेल तिथे निळा. पिवळं चांगलं आणि निळं वाईट, एवढंच आम्ही घरच्यांना सांगायचो. चित्रांना रंग देण्याचं काम माझं. काका यंत्र चालवायचे.

यंत्र मात्र लहरी. आज जे पिवळं दाखवेल तेच पुढच्या आठवड्यात फिकट दाखवेल. त्यामुळे दर आठवड्याला एका न बदलणाऱ्या वस्तूचं चित्र काढायचं आणि त्यावरून रंगांचं माप लावून घ्यायचं, अशी पद्धत. पूर्वी त्यासाठी तेलाची एक बाटली होती. पण बाटलीतलं तेल मोकळं असतं आणि मेंदूतली चरबी पापुद्र्यांत घट्ट बसलेली असते, त्यामुळे मापं नीट जुळत नसत. त्यात एकदा बाटलीत बुडबुडा शिरला आणि दोन महिन्यांचं काम वाया गेलं. तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, बाटली नको, एखादा धडधाकट माणूसच हवा, दर सोमवारी न चुकता येणारा आणि काही केल्या न बदलणारा.

"मी आहे की," काका म्हणाले. "माझ्यात वीस वर्षांत काही बदललेलं नाही. आमच्या हिला विचारा."

त्या दिवसापासून त्यांचं नाव बाटली पडलं. या गोष्टीला आता आठ वर्षं झाली, तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते.

हे काम त्यांनी फार मनावर घेतलं. मला तर ते अतीच वाटायचं. रविवारी ते तळलेलं खात नसत, जेवण मऊ भाताचं, नऊच्या ठोक्याला आडवे होत. एका दिवसाच्या पथ्याने मेंदूची चरबी हलत नाही, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं असेल. ते म्हणायचे, "तुला काय कळतंय? वजनाचा दगड कधी चिवडा खातो का?" रविवारी ते बायकोशी भांडतही नसत. काकूंनी विषय काढला की हात वर करून म्हणत, "उद्या माझं माप आहे, आज नको." मग काकू सगळी भांडणं साठवून सोमवारी दुपारी, काका घरी जेवायला आले की, एकदम बाहेर काढायच्या. सोमवारची दुपार त्या दोघांची भांडणाची वेळ, हे आमच्या तळघरात सगळ्यांना ठाऊक होतं. जेवून परत आले की काका खुशीत असायचे. "आज नळ, तिचा भाऊ आणि पडदे, तिन्ही विषय झाले," असं सांगायचे.

रोग्यांशी बोलण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. नळीत शिरायच्या आधी माणूस घाबरतो, त्यातून विसरणारा माणूस जास्तच घाबरतो. काकांचं बोलणं ठरलेलं असायचं, शब्दसुद्धा तेच. "घड्याळ, अंगठी, किल्ल्या, सगळं या डबीत. आवाज मोठा येईल, तो आपल्यावर रागावलेला नाही. गिळायचं असेल तर आवाज थांबला की गिळा. हातात रबरी फुगा आहे, भीती वाटली की दाबा, मी आलोच." आणि शेवटी, फॉर्म पुढे ओढून, "तुमच्याबरोबर कोण आलंय?" आमच्याकडचा रोगी एकटा घरी जाऊ शकत नाही, म्हणून फॉर्मवर सोबत आलेल्याचं नाव आणि नातं असे दोन रकाने आहेत. काका ते रकाने भरताना घाई करत नसत. ते म्हणायचे, चित्र काहीही येवो, या रकान्यात नाव असलं की निम्मं काम झालं.

माझा स्वभाव तुसडा आहे. मला माणसांपेक्षा आकडे बरे वाटतात. पण काका नसते तर त्या थंडगार तळघरात मी सहा महिनेसुद्धा टिकले नसते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. पंचेचाळीस रोगी, दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचं चित्र. पहिले सहा महिने काही दिसलं नाही. पुढे चित्रं सुधारायला लागली. निळे डाग आक्रसायला लागले, कडेने पिवळं भरून यायला लागलं. असं कधी कोणी पाहिलेलं नव्हतं. मोठ्या बाई एरवी कधी हसत नाहीत, त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून पडद्याकडे बघत बसायच्या. आम्ही घरच्यांना चित्रांच्या प्रती द्यायला लागलो. लोक त्या काचेत लावून भिंतीवर टांगत होते.

त्याच दिवसांत काही गोष्टी घडत होत्या. मी त्या पाहिल्या, आणि पाहूनही पाहिल्या नाहीत. काकांनी आपलं ते ठरलेलं बोलणं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मी विचारलं तर म्हणाले, "उद्या मी निवृत्त झालो तर पुढच्याला लागेल." निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष होतं. एकदा अंगठी डबीत ठेवून ती दिवसभर शोधली. एका सोमवारी माप देऊन झाल्यावर तासाभराने परत आले, बूट काढले, घड्याळ काढलं आणि पाटावर बसले. मी म्हटलं, "काका, झालं की मघाशी." ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "बघत होतो, तुझं लक्ष आहे का." मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी दुपारी जेवून आल्यावर भांडणाचे विषय सांगणंही बंद झालं होतं. मला वाटलं, वयाने दोघं निवळले असतील.

आमच्या रोग्यांत एक मास्तर होते. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. उंच, इस्त्रीचा सदरा घातलेले, पुढे पुढे काही न बोलणारे. त्यांच्याबरोबर मास्तरीणबाई यायच्या. मास्तरांचं चित्र सगळ्यांत देखणं सुधारत होतं. मी ते दाखवलं की बाकीच्यांसारख्या त्या खूश व्हायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "चित्र छान आहे. पण काल यांनी मला विचारलं, बाई, तुम्ही कुठे उतरणार?"

मी म्हणाले, "चित्रात आधी दिसतं, वागण्यात उतरायला वेळ लागतो. चित्रावर विश्वास ठेवा." अगदी या शब्दांत म्हणाले. चित्रावर विश्वास ठेवा.

गेल्या वर्षाअखेरीस त्या एकट्याच आल्या. मास्तरांना शेजाऱ्यांकडे ठेवून. माझ्या टेबलासमोर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"तुम्ही रागावणार आहात," त्या म्हणाल्या. "पण मला आता राहवत नाही. यांनी आठ महिन्यांत एकही गोळी घेतलेली नाही. थुंकून टाकतात. मी जबरदस्ती केली तर मारायला धावतात. चाचणीतून नाव काढाल म्हणून मी बोलले नाही."

मी रागावलेच. आठ महिन्यांचे आकडे खराब केले म्हणून मी त्यांना नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग पर्समधून मास्तरांचं शेवटचं चित्र काढून टेबलावर ठेवलं.

"हे मागच्याच महिन्यातलं," त्या म्हणाल्या. "गोळी नाही, तरी पिवळं वाढलंय. मग हे कशाने वाढलं, तेवढं सांगा. मला शास्त्र कळत नाही."

त्या गेल्यावर मी पंचेचाळीस जणांचे आकडे एका खाली एक लावले. चित्रांत सुधारणा वेगवेगळी दिसायची, कारण प्रत्येकाचे डाग वेगळे. आकड्यांत तसं नव्हतं. म्हातारा असो की पन्नाशीचा, आजार नवा असो की जुना, प्रत्येकाची सुधारणा जवळजवळ सारखी होती. मास्तरांचीही तेवढीच. पंचेचाळीस माणसं एकाच चालीने बरी होत नसतात. एखाद्या वर्गातली सगळी मुलं एकाच वर्षी दोन-दोन बोटं उंच झाली, तर मुलं नाही, पट्टी तपासावी.

मी स्वतःला समजावलं की यंत्र बिघडलं असेल. यंत्रच बिघडलेलं असू दे, असं मी मनात म्हणत होते. अडगळीच्या कपाटातून जुनी तेलाची बाटली काढली. बुडबुडा आता वर येऊन स्थिर झालेला होता, खालचं तेल स्वच्छ होतं. मेंदूचं माप लावायला ती नालायक असली, तरी यंत्र आठ वर्षांपूर्वीसारखं चालतंय की नाही, एवढं सांगायला पुरेशी होती. काका जेवायला गेले होते तेवढ्यात मी ती नळीत ठेवून चित्र काढलं आणि जुन्या नोंदीशी ताडून पाहिलं.

यंत्र ठणठणीत होतं.

मग एकच गोष्ट तपासायची उरली होती. ती तपासू नये असं मला फार वाटलं. काकांच्या सोमवारच्या चित्रांना आम्ही कधी रंगच देत नव्हतो. ज्याने मोजायचं त्याला कोण मोजणार? त्यांचं चित्र आलं की त्याला शंभर म्हणायचं आणि बाकीच्यांना त्या हिशेबात बसवायचं, संपलं. ते शंभर जर ऐंशीवर आले, तर ज्याचे पन्नास तेवढेच राहिलेत तोही पुढे गेल्यासारखा दिसतो. हे शाळकरी गणित आहे. मी दोन वर्षं हे गणित समोर घेऊन बसले होते.

मी त्यांचं पहिल्या सोमवारचं चित्र आणि परवाच्या सोमवारचं चित्र बाटलीच्या मापाने रंगवून शेजारी शेजारी लावलं. डावीकडचं पिवळंधमक होतं. उजवीकडच्यात दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, जिथे रोजच्या आठवणी ठेवल्या जातात तिथे, निळं होतं. कडेकडेने वर चढत चाललेलं. असं चित्र मी रोज पाहते. त्या चित्राखाली फॉर्म असतो आणि फॉर्मवर बरोबर कोण आलंय ते लिहिलेलं असतं. या चित्राला फॉर्म नव्हता.

काका तेवढ्यात जेवून आले. दारातूनच म्हणाले, "काय गं, भूत पाहिलंस का?" मी पडदा बंद केला.

मोठ्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवलं. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "चाचणी थांबवायचं पत्र मी आजच लिहिते. घरच्यांना फोन करावे लागतील, सगळ्यांना. आणि काकांना तू सांग."

"मी?"

"माझं ऐकून ते हो म्हणतील आणि कामाला लागतील. तू सांगितलंस तर त्यांना ते खरं वाटेल."

रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात खिडकीला लागून टेबल. कुकरची शिट्टी नुकतीच झाली होती, भाताचा वास होता. सगळं रविवारसारखंच होतं. काकू चहाला उठल्या तेव्हा मी पाहिलं, प्रत्येक कपाटावर कागदाची चिठ्ठी होती. कप. साखर. औषधं. गॅसच्या बटणाखाली लाल अक्षरांत, बंद कर. अक्षर काकूंचं होतं.

मी चित्रं टेबलावर ठेवली आणि जसं होतं तसं सांगितलं. गोड करून सांगता मला येत नाही. काका चित्राकडे वाकून बघत होते, बोट निळ्या कडेवरून फिरवत होते.

"म्हणजे ते पंचेचाळीस सुधारले नाहीत," ते म्हणाले.

"नाही."

"मीच खाली गेलो."

"हो, काका."

"आपण लोकांना चित्रं दिली. भिंतीवर लावली त्यांनी." त्यांचा आवाज चढला. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "मी एवढं पथ्य पाळलं. एक रविवार चुकवला नाही. आणि माप खोटं दिलं? त्या मास्तरांच्या बायकोला काय सांगणार तू?"

"खरं ते सांगेन."

"सांगच. आधी तिलाच सांग." मग ते एकदम शांत झाले आणि काकूंकडे वळले. "तुला कळलं का ही काय म्हणतेय?"

काकू गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "मला दोन वर्षं झाली कळून," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी तुमचं चित्र निघतं. एवढे हुशार लोक आठवड्याला आत डोकावून बघतायत, काही असतं तर बोलले नसते का? असं मी स्वतःला सांगायची. मला वाटायचं, मलाच भास होतायत."

"सोमवारी दुपारी मी विषय काढायची," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मुद्दाम काढायची. नळाचा, भावाचा. हे नुसते बघायचे. हो म्हणायचे. भांडायला मागचं काहीतरी आठवावं लागतं गं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. चहा गाळला, तीन कप भरले आणि काकांच्या कपाचा कान त्यांच्या हाताच्या बाजूला वळवून ठेवला.

पुढचे चार दिवस मी फोन करत होते. काहींनी शिव्या दिल्या, त्या मला हव्याच होत्या. मास्तरीणबाईंना पहिला फोन केला. मी म्हणाले, चित्र चुकलं होतं, ज्या माणसाच्या मापाने ते रंगवलं त्याचंच माप खाली गेलं होतं, आणि मी तुम्हाला नको ते बोलले, माझं चुकलं. मग त्या म्हणाल्या, "चित्र मी भिंतीवरून कधीच काढलंय. ते ज्यांचं माप होतं, ते कसे आहेत?" मला तिथे रडू आलं, फोनवरच.

आता एका माणसावर विसंबायचं नाही असं ठरलं. तीन जण, शिवाय बाटली, आणि त्या तिघांचीही चित्रं दर महिन्याला बाहेरच्या कोणीतरी रंगवून बघायची. पहिलं नाव मी माझंच दिलं. काकांचा नोकरीतला तो शेवटचा आठवडा होता. यंत्राला त्यांनी हात लावायचा नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पण म्हणाले, "बोलणं मी करतो. तुला कोणी नीट सांगितलं नाही तर तू हलशील." मोठ्या बाई यंत्रावर बसल्या.

तो सोमवार होता. मी घड्याळ आणि किल्ल्या डबीत ठेवल्या. काका कागद न बघता बोलले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. "आवाज मोठा येईल, तो आपल्यावर रागावलेला नाही." फुगा माझ्या हातात दिला, मुठीवर दोनदा थोपटलं. पाट आत सरकला.

वीस वर्षं मी काचेच्या पलीकडून ते यंत्र पाहत होते, आत कधी शिरले नव्हते. छत नाकापासून वीतभरावर असतं. आवाज खरोखरच मोठा असतो. मी न हलता पडून राहिले आणि एकच विचार करत राहिले. हे चित्र आता कसं येणार, मला काय माहीत? काकांना तरी कुठे माहीत होतं. मी फुगा दाबला नाही, पण पूर्ण वेळ त्यावर बोटं घट्ट धरून होते.

आवाज थांबला. पाट बाहेर आला. काका फॉर्म घेऊन उभे होते, मला हात देऊन त्यांनी बसतं केलं. चेहऱ्यावर तीच माया होती जी ते अनोळखी माणसाला दाखवतात. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"झालं बरं का. छान स्थिर राहिलात," ते म्हणाले. "तुमच्याबरोबर कोण आलंय?"

काचेपलीकडे मोठ्या बाई उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना हाताने थांबवलं.

"तुम्ही आलाय," मी म्हणाले.

काकांनी थोडा विचार केला आणि आपलं खरं नाव रकान्यात लिहिलं, आडनावासकट, सुवाच्य अक्षरात. मग पेन पुढच्या रकान्यावर नेऊन माझ्याकडे पाहिलं.

"नातं?"

"काका," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहिलं, फॉर्म माझ्या हातात दिला, आणि मला एकटीने जिना चढू नका म्हणाले.